त्रेपन्न नंबरचा खिळा

मी त्रेपन्न नंबरचा पितळी बिल्ला बोलतोय. आवाज कापरा वाटला तर समजून घ्या. मी घाबरलेलो आहे. घाबरलेल्यानं गप्प बसावं असं काही लोकांना वाटतं, आणि नेमकं म्हणूनच मी बोलायचं ठरवलंय.

बाटलीच्या झाकणापेक्षा मी थोडा मोठा. वर एक भोक, मधोमध आकडा. सध्या एका रुग्णालयात एका बाईच्या उशीखाली आहे. माझी खरी जागा तळ्याकाठच्या टेकडीच्या पायथ्याशी, चौकीतल्या लाकडी फळ्यावर. फळ्यावर सत्तर खिळे, खिळ्यांवर आम्ही सत्तर भाऊ.

पूर्वजन्मी मी कोणाच्या तरी मोरीतला नळ होतो, थोडा दाराची बिजागरी होतो. भंगारातून ओतकामाच्या कारखान्यात आलो, वितळलो, गोल झालो. आकडे ठोकणारा कारागीर डोळ्यांना चष्मा बांधून बसायचा, दोरीनं. त्याचा भाऊ त्याला म्हणाला, "अरे, सरळ ठोक. यावर माणसं मोजायची आहेत."

"माणसं काय, बादल्यांवरही मी सरळच ठोकतो," कारागीर म्हणाला आणि माझा तीन वाकडा ठोकला.

माणसं मोजायची आहेत. हे मी जन्मतःच ऐकलं. त्यामागं कारण होतं. आमच्या आधी एक निवृत्त मास्तर त्या टेकडीवर एकटे गेले आणि दोन दिवस ते वर आहेत हेच कोणाला कळलं नाही. घरच्यांना वाटलं पुतण्याकडे गेले, पुतण्याला वाटलं घरी आहेत. तिसऱ्या दिवशी सापडले, पण तेव्हा शोधण्याला काही अर्थ उरला नव्हता. मग गावातल्या चढाई करणाऱ्या मंडळींनी टेकडी सांभाळणाऱ्या कचेरीच्या दारात ठाण मांडलं आणि आम्हाला जन्माला घातलं.

टेकडी तशी फार अवघड नाही, फार सोपीही नाही. अडीच तासांची फेरी. चौकीपासून डावीकडून चढायचं, झाडीतून, मग दगडी पायऱ्यांनी. माथ्यावर पोचलात की सगळं तळं एकदम समोर येतं आणि बोलकी माणसंसुद्धा चार मिनिटं तोंड मिटतात. उतरायचं उजव्या अंगानं, धारेवरून. तिथं बारीक खडी आहे. ती पायाखाली कधी सरकेल याचा नेम नाही. वाट फिरून पुन्हा चौकीपाशीच येते. जाताना बिल्ला घ्यायचा, आल्यावर आपल्या हातानं खिळ्यावर लावायचा. बस्स.

जगातल्या बाकीच्या वस्तू हजर राहून काम करतात. खुर्ची असली तर बसता येतं, छत्री असली तर डोकं कोरडं राहतं. माझं काम उलटं. मी खिळ्यावर नसलो की सगळ्यांना कळायला हवं, वर कोणीतरी आहे. माझ्या रिकाम्या खिळ्यानं ओरडायचं, आणि माणसांनी ते ऐकायचं.

माणसांच्या खिशांत मी खूप राहिलो. किल्ल्यांनी मला ओरखडलंय, चघळलेल्या गोळ्यांचे कागद मला चिकटलेत. नवीन लग्न झालेली जोडपी मला बोटावर फिरवतात. रागावलेली जोडपी मला मुठीत आवळतात. एक वकील तर चढणीवर दम लागला की मला दातांत धरायचे. तक्रार नाही. खिसा उबदार असतो, आणि माणूस चालत असला की आपण जिवंत माणसाजवळ आहोत हे कळत राहतं.

बिघाड खिशात झाला नाही. तो कचेरीत झाला.

नियम असा होता: बरोबर पाचला चौकीदारानं फळ्याचा फोटो काढून वरच्या कचेरीत पाठवायचा. एक जरी खिळा रिकामा असला तर सायरन वाजवायचा, अग्निशमनवाल्यांना बोलवायचं आणि चार पानी अहवाल लिहायचा. एका वर्षात अकरा वेळा सायरन वाजला. त्यातले दहा जण खाली तळ्यात पाय सोडून बसलेले सापडले, बिल्ला खिशात विसरून. अकराव्याचा पाय मोडला होता आणि तो वेळेत सापडला म्हणून वाचला. कचेरीनं लक्षात ठेवले ते दहा. वाचलेला एक कोणाच्या अहवालात आला नाही, कारण वाचलेल्या माणसाचा अहवाल मागायची पद्धतच नाही.

मग चौकीवर पर्यवेक्षक आले. सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी टेबलावर पत्र्याचा डबा ठेवला. त्यात आमच्यासारखे सत्तर बिल्ले होते, पत्र्याचे, वरून सोनेरी रंग मारलेले.

"फोटोत कोण ओळखतंय?" साहेब म्हणाले. "पाचला जो खिळा रिकामा दिसेल त्यावर यातला लावायचा. फळा भरलेला दिसला की वरचे खूश."

आमचा चौकीदार भला माणूस. त्यानं कानामागं खाजवलं. "पण साहेब, वर खरंच माणूस असला तर?"

"तर तो येईल की खाली. पाय आहेत ना त्याला?"

सुरुवातीला चौकीदार फोटो पाठवायचा आणि विजेरी घेऊन दारात उभा राहायचा. उशिरा येणारा आला की पत्र्याचा काढून खरा लावायचा. चार महिन्यांनी साहेबांचा दुसरा हुकूम आला: पाच वाजून दहा मिनिटांनी चौकीला कुलूप. नंतर उघडी दिसली तर नोटीस. सायरनच्या पेटीलाही कुलूप लागलं आणि तिची किल्ली साहेबांच्या खिशात गेली, 'उगाच कोणी वाजवू नये' म्हणून. आता उशिरा येणारे दाराच्या फटीतून बिल्ला आत टाकत. सकाळी चौकीदार जमिनीवरचे बिल्ले मोजायचा, मोजणी जुळली की भिंतीला टेकून बसायचा. मी ते खिळ्यावरून बघायचो. तो रोज सकाळी घाबरलेला असायचा आणि रोज संध्याकाळी तेच करायचा. भीतीची अशी सवय लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता त्या दोघी बहिणी. मोठीला सगळे ताई म्हणतात. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. धाकटी टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करते. लहानपणी काडीसारखी होती म्हणून तिला बारकी म्हणत. आता ती चांगली भरली आहे, नाव तेच राहिलंय. दर गुरुवारी तिला सुट्टी, आणि दर गुरुवारी दोघी टेकडीवर. बारकी नेहमी आपल्या वयाचा बिल्ला मागायची. गेल्या वर्षी बावन्न, यंदा त्रेपन्न. म्हणून आमची गाठ पडली.

"सत्तरच खिळे आहेत हो," चौकीदार तिला चिडवायचा. "नंतर काय करणार?"

"नंतर तुम्ही नवे ठोका. तुमचे हात काय झिजलेत?"

त्या गुरुवारी ताई चौकीच्या पायरीवरच बसली. "माझा गुडघा म्हणतोय, तू हो पुढं."

"तुझा गुडघा फार बोलायला लागलाय."

"बोलेल नाही तर काय? तीस वर्षं मशीन चालवलंय त्यानं. मी दुकानात जाऊन दोन बाह्या लावून येते. साडेपाचला इथं. आणि हे बघ, उतरताना कडेला जाऊन वाकून बघायचं नाही. मोठी झालीस आता."

"त्रेपन्न म्हणजे मोठीच की," बारकी म्हणाली, मला कोटाच्या खिशात टाकलं आणि निघाली.

वर जाईपर्यंत सगळं छान होतं. माथ्यावर तिनं एक संत्रं खाल्लं आणि सालं रुमालात बांधून घेतली. उतरताना धारेवर मागून पाचसहा जण धावत आले, "बाजू, बाजू!" म्हणत. तिनं बाजू दिली. एक पाऊल, फक्त एक. खडी सरकली.

पडताना आवाज फार झाला नाही, हे मला अजून भिववतं. धावणारे गाणी लावून धावत होते. ते निघून गेले. आम्ही वाटेखाली तीन पुरुष उंचीच्या घळीत होतो, झुडपांमागं. तिचा डावा पाय घोट्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. फोन हातातून सुटून दोन खडकांमधल्या चिरेत खोल गेला होता. साडेतीन वाजले होते. तिनं हाका मारल्या. वारा तळ्याकडून वर येत होता. तिच्या हाका तिच्याच तोंडात परत कोंबत होता.

थोड्या वेळानं तिनं खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"त्रेपन्न," ती म्हणाली, "तू माझ्याजवळ आहेस म्हणजे खिळा रिकामा आहे. पाचला सायरन होईल. दीड तास कसाही काढू."

तिचा आवाज शांत होता. तिनं मला मुठीत धरलं, आणि माझ्यावर भरवसा ठेवून ती थोडी सैलावली.

आणि मला तो डबा दिसत होता.

मी पितळ आहे, मला घाम येत नाही. पण त्या मुठीत मी जे भोगलं त्याला दुसरा शब्द नाही. मला ओरडायचं होतं, बाई, वाट बघू नका! खिळा रिकामा नाही! मला तोंड असतं तर ते मी तिथंच फाडलं असतं. चार वाजले. साडेचार वाजले. तिनं घड्याळ बघितलं, केस नीट केले. शोधायला येणाऱ्यांना आपण नीट दिसावं म्हणून असेल. पाचला दोन मिनिटं असताना ती कोपरावर उठून बसली.

पाच वाजले.

पाच वाजून पाच.

"घड्याळ पुढं असेल," ती मला म्हणाली.

सव्वापाच झाले. तिची मूठ गार पडली. पाच पस्तीसला खालच्या चिरेतून फोन वाजायला लागला. ताईचा फोन, तिची वेगळी घंटी होती. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बारकीनं हात घातला, खांदा घातला, दगडानं गालाची साल निघाली. दीड हात कमी पडत होता. बहिणीचा आवाज आणि तिच्यामध्ये दीड हात. सात वेळा वाजून तो बंद झाला. त्यानंतर मात्र ती शांत राहिली नाही.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर ताईच्या तोंडून कळलं. ती साडेपाचला आली तेव्हा चौकीला कुलूप होतं. काचेतून तिनं फळा बघितला. सत्तर बिल्ले. त्रेपन्नवर त्रेपन्न. तिला वाटलं, बारकी उतरून घरी गेली. फोन केला, उचलेना. घरी शेजारणीला विचारलं, आलेली नाही. मग अग्निशमनला फोन. त्यांनी कचेरीला विचारलं. कचेरीनं फोटो बघितला.

"बाई, तुमची बहीण पाचच्या आत उतरलीय. आमच्याकडे पुरावा आहे."

"फोटोत बिल्ला आहे," ताई म्हणाली. "बहीण कुठाय फोटोत?"

"बाई, नियमानुसार टेकडी रिकामी आहे."

"मग तुमच्या नियमालाच वर पाठवा, आणि रिकामी आहे का बघून यायला सांगा!" आणि तिनं फोन ठेवला. वर चढायला गुडघा नव्हता आणि ऐकायला माणूस नव्हता. धक्क्यावर एक म्हातारा नाववाला होड्या बांधत होता. तिनं त्याला गाठलं. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि बांधलेली एक होडी सोडली.

"फळ्याला डोळे असतात होय?" तो म्हणाला. "बसा. उजवी धार पाण्यावरनं ऐकू येते. वारा पडलाय आता. नीट बसा, बुडालो तर आपल्या दोघांचा बिल्लापण नाही."

घळीत तोवर उन्हं गेली होती. बारकीचा आवाज बसला होता. शेजारी जुन्या कुंपणाचा लोखंडी खांब होता, गंजलेला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग मला बोटांत घट्ट धरून त्या खांबावर आपटलं.

टण्ण.

मला पहिल्यांदाच आवाज फुटला. दुखलं? दुखलंच. तिनं पुन्हा आपटलं, पुन्हा, पुन्हा. माझी कड चेपली, तिच्या बोटांची सालं गेली, तरी ती थांबेना. तीन घाव, मग थांबायचं, ऐकायचं, पुन्हा तीन घाव. किती वेळ गेला ठाऊक नाही. मधल्या एका शांततेत खालून, पाण्यावरून हाक आली.

"बारके! ए बारके! वाजव अजून! वाजव गं!"

ताईनं होडीतूनच पुन्हा फोन केला, आणि या खेपेला आलेल्या अग्निशमनवाल्यांनी दोर लावून तिला काढलं. तेव्हाही मी तिच्या मुठीत होतो. डॉक्टरांनी मूठ उघडायला सांगितली तर तिनं दुसरा हात पुढं केला.

आता इथं दहा दिवस झाले. पायात सळी घातली आहे. आणि आज, भेटीच्या वेळेला, साहेब आले. सोबत चौकीदार. तो दारातच उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात पिळत.

साहेबांनी फळं आणली होती, आणि एक कागद. ताईनं कागद घेऊन मोठ्यानं वाचला: "'त्रेपन्न क्रमांकाचा बिल्ला मला पूर्वी कधीतरी वाटेत सापडला होता, तो मी स्वखुशीनं परत करीत आहे.'" तिनं कागद हाताएवढा लांब धरून बघितला. "माप चुकलंय, साहेब. हे आमच्या अंगाला बसत नाही."

"तुम्ही रागावलात, साहजिक आहे," साहेब आवाज मऊ करून बारकीला म्हणाले. "पण त्रेपन्न नंबर दोन निघाले की चौकशी होणार. मग याची नोकरी जाणार. पोराबाळांचा माणूस आहे. तुम्हाला तेच हवंय का?"

हे मला फार ओळखीचं वाटलं. वरून हुकूम द्यायचा आणि बळी द्यायची वेळ आली की खालच्याला पुढं ढकलायचं. एवढं करून दयाही तुमच्याकडूनच मागायची! मी उशीखालून ऐकत होतो. तिचं मन मऊ आहे, हे मला खिशातून कळलेलं होतं. ती सही करील, मी खिळ्यावर परत जाईन, फळ्यावर एकच त्रेपन्न राहील, आणि ती घळ, ती मूठ, चिरेतली ती घंटी, काही म्हणजे काही घडलंच नव्हतं असं ठरेल.

बारकी दाराकडे बघत होती. "दादा, तुम्ही सांगा."

चौकीदारानं मान वर केली नाही. "माझ्याच हातानं लावला. पाचला पाच मिनिटं कमी होती. त्रेपन्न म्हणजे तुम्ही, हेही ठाऊक होतं. वाटलं, याल. दर वेळी येता."

शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी चमचा खाली ठेवला.

मग ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वापाच झाले होते.

"तुम्ही दोघं इथं," ती म्हणाली. "मग चौकीवर कोण आहे?"

"कोणी नाही," चौकीदार म्हणाला. "साहेब म्हणाले, आज लवकर उरकू. साडेचारलाच फोटो काढून ठेवला."

"फळा भरलेला होता?"

त्यानं टोपी आणखी पिळली. "तीन लावले. सात, एकोणतीस, चौसष्ट."

"कोण आहेत ते?"

"सातवर एक कॉलेजातली मुलगी. बाकीचे दोघं बापलेक."

"उतरतील हो," साहेब म्हणाले. "फोटो गेलाय. काळजी नको."

बारकीनं कागद उलटा केला. पाठीमागं तीन आकडे लिहिले, वेळ लिहिली, आणि पेन चौकीदारापुढं धरलं. तो आला. त्यानं सही केली, अक्षर स्वच्छ आलं. मग तो साहेबांकडे वळला आणि तोच हात त्यांच्यापुढं पसरला.

"किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"सायरनची. द्या, साहेब. नाही तर खिशातनं काढून घेईन."

परिचारिका बघत होती, आजीबाई बघत होत्या, सगळा वॉर्ड बघत होता. साहेबांनी किल्ली दिली. चौकीदार पळत सुटला, जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. ताई अग्निशमनला फोन लावून ओरडते आहे, या वेळी तिच्याकडे सहीचा कागद आहे. बारकीनं खिडकी उघडायला लावली आहे. इथून चौकी वीस मिनिटांवर. बाहेर ऊन उतरायला लागलंय आणि अजून काही वाजलेलं नाही.

मला कोणी खिळ्यावर परत लावावं असं आता मला वाटत नाही. चौकशीत मला टेबलावर ठेवा, चेपलेल्या कडेसकट, त्या पत्र्याच्या त्रेपन्नशेजारी. मग ठरवा खोटं कोण ते.

पण ते पुढचं झालं. या घटकेला मला फक्त माझे तीन भाऊ दिसतात, त्या तिघांच्या खिशांत. कदाचित ते आता हसत खाली पोचलेही असतील. कदाचित त्यातलं कोणी बिल्ला मुठीत धरून म्हणत असेल, पाच वाजून गेले, सायरन होईलच. ऐका, तुम्ही जे कोणी वर असाल ते. आमच्यावर भरवसा ठेवून बसून राहू नका. दगड बघा, लोखंड बघा, आणि आम्हाला आपटा. आमची कड मोडू दे, आकडा पुसला जाऊ दे, आपटत राहा. आम्ही सोसू.